एका मेपलची पानमोजणी

१० ऑगस्ट

रिटायर झाल्यावर एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. चौतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. रोज रजिस्टर भरलं, रोज शेरे मारले, तेवढं एका जन्माला पुरे. पण आज वही काढावी लागली, कारण मी शब्द देऊन बसलोय.

संध्याकाळी कॅनडाहून लेकीचा, चैत्रालीचा व्हिडिओ कॉल आला. डिसेंबरात येते म्हणाली, पण सई कुरकुर करतेय. सई, माझी नात, आता सात वर्षांची. गेल्या खेपेला तीन वर्षांची होती आणि पंधराच्या पंधरा दिवस रडली. डास चावले, दुधाची चव आवडली नाही, माझ्या मिशांना घाबरली. आज तिने मला सरळ विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे मेपल आहे?" तिच्या अंगणात एक आहे. त्याची पानं लाल होऊन पडली की त्यांचा ढीग करून ही त्यात उड्या मारते. मी गॅलरीकडे बघायला लागलो तेव्हा ती आईकडे वळून इंग्रजीत म्हणाली की आजोबांकडे तर काहीच नाहीये. तिला वाटतं मला इंग्रजी कळत नाही.

"आहे की!" मी म्हणालो. "आपल्या गॅलरीत आहे मेपल. तू ये तर खरी."

मालिनी, माझी बायको, मागेच उभी होती. कॉल संपल्यावर म्हणाली, "गॅलरीत तुळस आहे, आणि तुमची व्यायामाची मोडकी सायकल आहे."

१२ ऑगस्ट

वाचनालयातून बागकामाचं जाड पुस्तक आणलं. जपानी मेपल ओळखण्याच्या खुणा अशा: पान पंजासारखं, बोटं फुटलेली. रंग लाल किंवा जांभळट लाल. पानं फांदीवर समोरासमोर, जोडीने येतात. बियांना पंख असतात. हवा थंड लागते. शेवटचं वाक्य मला पटलं नाही म्हणून पेन्सिलीने खोडलं. पुस्तक वाचनालयाचं आहे हे नंतर लक्षात आलं.

१७ ऑगस्ट

मिळालं!

बदलापूरला बारवीच्या रस्त्याला बनूबाईची नर्सरी आहे. शेताच्या तुकड्यावर हिरवी जाळी बांधलेली. बनूबाई साठीच्या पुढची, कपाळावर गोंदण, बोलायला फटकळ. मालिनीसाठी कढीपत्त्याचं रोप घेतलं आणि निघणार, तेवढ्यात मागच्या ओळीत नजर गेली. गुडघ्यापेक्षा थोडं उंच, लालबुंद, पंजासारखी पानं. मी कढीपत्ता खाली ठेवून ती कुंडी उचलली.

"हे काय आहे, बाई?"

"ता? ता नुसता पाला हाय. कढीपत्त्यासंगती न्या तसाच. जागा आडवून बसलाय."

आता खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर चुकीचं लेबल दिसलं की मला राहवत नाही. मी म्हणालो, "बाई, हा पाला नाही. हे जपानी मेपल आहे. तुम्हाला किंमत नाही त्याची."

बनूबाईने झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कुंडी माझ्या हातातून काढून घेतली. "मंग फुकाट कसा द्येनार?"

सांगितले तेवढे दिले. वर तिने एक पुठ्ठा पुढे केला, "त्याचा नाव लिहून द्या साहेब, गिऱ्हाइकाला सांगाया बरा." मी वळणदार अक्षरात लिहिलं: जपानी मेपल, अस्सल. तिने तो पुठ्ठा अख्ख्या ओळीपुढे खोचला. अडाणी बाई, पण शिकायची तयारी आहे.

१८ ऑगस्ट

आलेल्या मालाची तपासणी. पानाचा आकार: पास. रंग: पास. पानं समोरासमोर: एक इकडे, त्याच्या वरचं तिकडे, त्याच्या वरचं पुन्हा इकडे. जोडी कुठेच नाही. प्रवासात हादरे बसले असणार. शेरा: सवलतीत पास.

एकूण पानं ९६. दर काही दिवसांनी मोजणार.

चैत्रालीने फोनवर झाडं ओळखायचं ॲप घ्यायला लावलंय. त्याला फोटो दाखवला तर म्हणालं, जास्वंदीच्या कुळातलं. दुसऱ्यांदा दाखवला, तेच. ॲप काढून टाकलं.

मालिनीला ताकीद दिली की पानाला हात लावायचा नाही. ती म्हणाली, "मी कशाला लावू?"

२२ ऑगस्ट

स्कूटरच्या सीटवर पुन्हा बदाम. आमच्या सोसायटीच्या पार्किंगवर जंगली बदामाचं एक धूड आहे. त्याची फळं टपाटप पडतात, वटवाघळं येतात, पानांनी गटार तुंबतं. ते तोडायची परवानगी मागावी म्हणून मी सोसायटीला आतापर्यंत दोन अर्ज दिलेत. आज तिसरा दिला. सेक्रेटरी देवदत्त, दुसऱ्या मजल्यावरचा, रिटायर्ड बँकवाला. अर्ज घेऊन म्हणाला, "दीनानाथ, झाड आहे ते. पानं पडणारच."

"माझ्याही गॅलरीत झाड आहे," मी म्हणालो. "त्याला शिस्त आहे."

यापुढे त्याच्याशी बोलणं बंद. चार जानेवारीच्या सभेत मतदान घेतो म्हणून त्याने नोटीस लावलीय.

२८ ऑगस्ट

आज ऋषिपंचमी, आणि संध्याकाळी आमचा दीड दिवसाचा गणपती गेला. मालिनी सकाळपासून वैतागलेली. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, सगळं हाताने लावलेलं हवं. माठ मिळाला, अळू मिळालं, भेंडी, पडवळ, सगळं मिळालं, पण अंबाडी अंबरनाथच्या बाजारात कुठेच नाही. अंबाडीशिवाय त्या भाजीला आंबटपणा कुठून येणार? मी तिला म्हटलं, चिंच घाल. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विसर्जनाची तयारी करायला निघून गेलो.

जेवताना बघतो तर भाजी फर्मास! आंबटपणा अगदी बेताचा.

"अंबाडी मिळाली वाटतं?"

"मिळाली."

"कुठे?"

"घरचीच म्हणा." तिच्या ओळखीच्या बायका फार. कुणाकडून तरी आणली असेल.

रात्री पानं मोजली. ६१! एका दिवसात पस्तीस पानं गळली. गल्लीत दिवसभर ढोल बडवत होते, त्याचा हादरा. सईला काय दाखवू? झोप लागणार नाही.

७ सप्टेंबर

उल्हासनगर कॅम्प चारला जाऊन आलो. झाडाला ऊन लागू नये म्हणून चाकांचा गाडा करून घेतोय, म्हणजे सावली सरकेल तसं झाड सरकवता येईल. वेल्डिंगवाला धर्मराज. त्याला मापं दिली आणि अंदाज यावा म्हणून फोटो दाखवला.

"काका, ये तो हमारे गाव में भी होता है," तो म्हणाला. "मेरी माँ इसका..."

तेवढ्यात त्याच्या माणसाने ग्राइंडर चालू केला. पुढचं काही ऐकू आलं नाही. त्याच्या गावी जपानी मेपल! लोक काहीही ठोकून देतात. गाडा मात्र मजबूत बनवतो म्हणाला.

१९ सप्टेंबर

पानं ८८ वर गेली होती, आज ५४. आता ढोलही नाहीत. गूढ असं की गळलेलं पान एकही सापडत नाही. परवा कुंडीखाली जुनी मच्छरदाणी पसरून ठेवली. त्यात एक मेलेला नाकतोडा.

मालिनीला विचारलं, "तुला काही दिसलं?"

"मला काय दिसणार? मी स्वयंपाकघरात." तिने तोंडाला पदर लावला. तिलाही वाईट वाटत असावं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि ती आंबट भाजी. शेंगदाणे, वरून लसणीची चरचरीत फोडणी. मी तीनदा घेतली. दुःखात माणूस जास्त जेवतो.

७ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन अंग जाळतंय. झाडाला दिवसातून दोनदा बर्फ घालतो. फ्रिजमधले सगळे ट्रे त्याच्यासाठी राखून ठेवलेत. दुपारी पाहुणा आला तर कोमट सरबत प्यावं लागतं.

पण कष्टाचं चीज होतंय. पानं गळतात हे खरं, पण जिथून गळतात तिथून दोन-दोन धुमारे फुटतात. झाड कसं गुबगुबीत, गोल झालंय. पुस्तकात लिहिलंय की असा आकार यायला जपानी माळी वर्षानुवर्षं शेंडे खुडत बसतात. मी हात न लावता मिळवला. मालिनीला हे वाचून दाखवलं. तिला इतका ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

सकाळी साडेपाचला उठतो हल्ली. झाडाला कोवळं ऊन दाखवायचं असतं.

३ नोव्हेंबर

मालिनी बहिणीकडे गेली, दहा-बारा दिवसांसाठी. जाताना झाडाजवळ बराच वेळ उभी होती. म्हणाली, "वाढेल हो हे फार." मी म्हटलं, वाढू दे.

१० नोव्हेंबर

पानं १४७. एकही गळलं नाही. आनंद व्हायला हवा, पण झाड बिघडलंय. उंच, लुकडं, एका बाजूला कलंडलंय. गोलपणा गेला. मालिनी गेल्यापासून त्याचं लक्षणच बदललं. झाडांना माणसांची सवय लागते असं ऐकलं होतं, आता प्रत्यक्ष बघतोय. खरं सांगायचं तर मलाही करमत नाही. सकाळी दोन कप चहा करतो आणि दुसरा नंतर गार पितो.

११ नोव्हेंबर

भयंकर. फूल आलंय.

सकाळी सहाला बघतो तर शेंड्याजवळ एक फूल. गुलाबी, मध्ये गडद, मधोमध दांडी. जास्वंदीची धाकटी बहीण म्हणावी असं. दुपारपर्यंत मिटून पडलं. मेपलचं फूल मोहरीएवढं असतं असं पुस्तक म्हणतं. मला ते ॲप आठवलं.

इथे माझ्याशिवाय कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. हे मेपल नसलं तर? चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचा माल नापास केला. एकदा तर मालकाच्या मेहुण्याचा अख्खा टेम्पो परत पाठवला. आणि माझ्याच गॅलरीत? त्याहून वाईट म्हणजे सई. पुन्हा म्हणेल, आजोबांकडे काहीच नाही. माझं नाव गेलं तर जाऊ दे, पण ते वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही.

दुपारी तडक बदलापूर गाठलं. बनूबाईला म्हटलं, खरं सांगा, हे काय आहे?

"मना काय इचारता?" ती म्हणाली. "तुमीच तर सांगलाव. त्यो तुमचाच पुठ्ठा. पंधरा झाडा गेली त्याच्यावर."

परत येताना उलगडा झाला. बाईने जास्वंदीच्या खुंटावर मेपलचं कलम बांधलं असणार. गुलाबाचं करतात तसं. म्हणून ते फूल, म्हणून ॲपचा गोंधळ. सगळं जुळतं. आता बरं वाटतंय.

१५ नोव्हेंबर

मालिनी आली. रात्रीच्या जेवणाला आंबट भाजी, पातेलं भरून. पानं ६३. चार दिवसांत झाड पुन्हा गोल होईल, माझी खात्री आहे. तिच्या हाताला गुण आहे, नुसती घरात असली तरी पुरतं.

१९ डिसेंबर

उद्या पहाटे विमान. गॅलरी धुतली, सायकल भंगारात दिली, झाडाच्या प्रत्येक पानावरून ओलं फडकं फिरवलं. मालिनीला म्हटलं, कळ्या दिसल्या तर आधी मला सांग. ती म्हणाली, "कळ्यांची मी बघते व्यवस्था." सईला झाड आज ना उद्या आवडेल. ती एकदा हसली की झालं.

२१ डिसेंबर

काल लिहू शकलो नाही. आज लिहितो.

सई दुपारी झोपून उठली. मी तिचे डोळे झाकून गॅलरीत नेलं आणि हात काढले. तिने झाडाकडे तीन सेकंद पाहिलं.

"आजोबा, हे मेपल नाहीये."

मी कलमाचं समजावू लागलो. तिने माझे दोन्ही हात घेतले, समोरासमोर धरले. "मेपलची पानं अशी असतात. हाय-फाइव्ह करतात तशी. ही तर एक-एक आहेत, जोडीने नाही उभी राहिली." मग तिने एक पान तोडलं, मी ओरडायच्या आत तोंडात टाकलं आणि चावलं. तिचे डोळे मोठे झाले. "आंबट! आजी! आजच्या भाजीतलं आहे हे!"

चैत्राली आईकडे बघायला लागली. मालिनी गॅसची शेगडी पुसायला लागली, जी आधीच स्वच्छ होती.

मी आत जाऊन ही वही उघडली. २८ ऑगस्ट, पस्तीस पानं, ऋषीची भाजी. १९ सप्टेंबर, चौतीस पानं, तीनदा घेतली. १५ नोव्हेंबर, पातेलं भरून. माझ्याच अक्षरात, तारखेनिशी. असला पुरावा मी जन्मात कुणाविरुद्ध गोळा केला नव्हता. चार महिने मी अंबाडीला जपलं, बर्फ घातला, आणि चार महिने ती खाल्ली.

मला लाज वाटली. रडूही आलं, म्हणून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

मालिनी दाराबाहेर उभी राहिली. "लाल पानांची असते, जरा वेगळी जात आहे, एवढंच. मी पहिल्याच दिवशी ओळखली होती," ती म्हणाली. "सांगणार होते. पण रिटायर झाल्यापासून तुम्ही दहा-दहा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायचात. या झाडाने तुम्हाला साडेपाचला उठवलं. म्हटलं, असू दे मेपल."

"आणि भाजी?"

"शेंडे खुडले नसते तर बांबू झाला असता त्याचा. बघितलंत ना मी नव्हते तेव्हा?"

मी नळ बंद केला. बाहेर सई अजून गॅलरीतच होती, कठड्याच्या गजांतून खाली बघत. मला वाटलं, आता ते वाक्य येणार.

"आजोबा, ते खाली लाल काय आहे?"

"काही नाही. बदामाचा कचरा."

"कचरा नाहीये. ढीग आहे!" ती म्हणाली. "मी जाऊ?"

मी पाहिलं. बदामाचं झाड अर्धं लाल झालंय. एकेक पान ताटाएवढं. इतके महिने मी त्याच्याविरुद्ध लिहितोय आणि एकदाही मान वर करून बघितलं नाही. आणि ही चपला घालायला धावली, तेवढ्यात झाडलोट करणारी अंजनी आली आणि ढीग घमेल्यात भरून घेऊन गेली. सई जिन्यात उभी राहून बघत राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

२२ डिसेंबर

अंजनीला म्हटलं, दहा-बारा दिवस पानं कोपऱ्यात राहू दे. ती म्हणाली, "तुमीच कंप्लेंट करता ना काका, पान दिसलं की? सेक्रेटरी बोलले तर ठेवते."

म्हणजे देवदत्त. चार महिन्यांनी त्याची बेल वाजवली. सगळं सांगितलं, अंबाडीसकट. तो हसला नाही. हसला असता तर मी परत फिरलो असतो. खुर्ची दिली, मग चष्मा लावला आणि म्हणाला, "लेखी द्या."

त्याच्याच पेनाने त्याच्याच टेबलावर चौथा अर्ज लिहिला: सोसायटीच्या आवारातील बदामाची पाने दिनांक पाच जानेवारीपर्यंत झाडण्यात येऊ नयेत. त्याने पोच म्हणून शिक्का मारला. निघताना म्हणाला, "त्या अंबाडीची एक फांदी मिळेल का? आमच्या हिला फार आवडते."

२९ डिसेंबर

ढीग सईच्या कमरेइतका. सकाळी ती उठायच्या आत मी आणि देवदत्त बांबूने फांद्या हलवतो. उभं राहायला धर्मराजचा गाडा वापरतो, मजबूत आहे. कुणी विचारलं तर देवदत्त सांगतो, तपासणी चालू आहे.

अंबाडी खुडायचं काम सईकडे आहे. ती मोजून खुडते आणि आकडा मला येऊन सांगते.

४ जानेवारी

सभा झाली. देवदत्तने माझे चारही अर्ज ओळीने, एकाच सुरात वाचून दाखवले. तीन झाड तोडा म्हणणारे, एक पान उचलू नका म्हणणारा, चारींखाली माझीच सही. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मी उठून पहिले तीन मागे घेतले. मतदानाची वेळच आली नाही.

उद्या त्या जाणार. दुपारी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बदामाची पानं मोजायला बसलो, सवय म्हणून. सई ढिगाशेजारी उभी राहून आईच्या फोनवर तिच्या बाबांशी इंग्रजीत बोलत होती. आजोबांचं झाड आपल्या झाडापेक्षा खूप मोठं आहे म्हणाली. आणि त्यांच्या गॅलरीत आणखी एक आहे, ते खाता येतं. तिला अजूनही वाटतं मला इंग्रजी कळत नाही.

मी मान खाली घालून मोजत राहिलो. तीनशे बारापर्यंत आलो होतो, तेवढ्यात तिने फोन आजीच्या हातात दिला आणि ढिगात उडी मारली. मोजणी रद्द.